प्रेमराज सरांची बोलणी

प्रेमराज सरांना गणित येत होतं, असं पाचोऱ्यात कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. त्यांना गाइड येत होतं. गाइडमध्ये जे उदाहरण सोडवलेलं असे ते सर झोकदार अक्षरात फळ्यावर उतरवत, आणि जे सोडवलेलं नसे ते "घरून करून आणा" म्हणून पोरांच्या गळ्यात मारत. दुसऱ्या दिवशी एखाद्या पोराचं उत्तर बरोबर निघालं, की तेच फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत आणि म्हणत, सोपं होतं. तरी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांचा क्लास वर्षानुवर्षं तुडुंब चालला. कारण साधं होतं. लोक पोरांना त्यांच्याकडे गणितासाठी पाठवत नव्हते, बोलणी खायला पाठवत होते.

बाहेरगावच्या माणसाला हे पटायला जरा वेळ लागतो. पण पाचोरा तालुक्यातला कोणताही केळीवाला किंवा कापूसवाला घ्या, पोराबद्दलचं त्याचं गाऱ्हाणं एकच असतं: "पोऱ्या हुशार शे सर, फक्त त्यानं बूड टेकत नही." आपलं पोरगं हुशार आहे हे बापाला कोणत्या अनुभवावरून कळलं, असा प्रश्न विचारायचा नसतो. सरही विचारत नसत. ते चष्म्यावरून पोराकडे एकदा बघत आणि बापाला सांगत, ठेवून जा.

मग बोलणी सुरू होत. सरांनी कधी पोराची आई-बहीण काढली नाही, जात काढली नाही, कोणाच्या रूपाला नाव ठेवलं नाही. पट्टी होती, पण ती पाठ खाजवायला. सर फक्त पोराचा दिवस हातात घेत आणि तो त्याच्यासमोर उलगडून दाखवत. तालुक्यातल्या निम्म्या घरांची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असे. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाची आई कोणाच्या वावरात निंदायला जाते, कोणाच्या बापाचा गुडघा धरलाय. "तू उठना कव्हय रे भो?" असं अगदी मायेने सुरुवात करत. "तू उठना तव्हय तुनी माय वावरमा जाईसन कापूसनी झोयी भरी बठनी व्हती. आन तू माले इचारस, सर, आज सुट्टी शे का?" वर्ग आधी हसे. मग ज्याचा नंबर लागलाय त्याची मान खाली जाई, कान लाल होत, आणि हळूच वही उघडली जाई. तेवढ्यासाठीच तर बापाने फी भरलेली असे.

ही विद्या सरांकडे आईकडून आली होती. धुरपदाबाई गिरणेच्या काठच्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला दोन गावच्या बाया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, तो बार धुरपदाबाईंनी कैक वर्षं गाजवला. पलीकडच्या गावच्या बाया म्हणे आधी चौकशी करून घेत, यंदा धुरपदा माहेरी आली का. आली असेल तर त्या घसा दुखण्याचं निमित्त सांगून घरीच झोके खेळत. आईच्या तोंडाची धार आणि बापाचा भिडस्त स्वभाव अशी सरमिसळ होऊन प्रेमराज सर तयार झाले होते. वर्गात वाघ, आणि किराणा दुकानात सुटे पैसे परत मागायलाही लाजणार.

आणि घरात तर विचारूच नका. सरांना एकच मुलगी, रोहिणी. ती पाळण्यात होती तेव्हा सर एकदा दुधात तोंड घालणाऱ्या मांजरीवर ओरडले. मांजर गेली नाही, पण रोहिणी दचकून जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. त्या दिवसापासून सरांचा आवाज उंबऱ्याच्या आत आला नाही. पोरीने भिंती रंगवल्या, सरांनी खडू आणून दिले. पोरीने गाइडच्या पानांच्या होड्या केल्या, सर त्या वर्षी तो धडा सोडून पुढे गेले. तिला स्वतःच्या क्लासलाही बसवलं नाही. ती डॉक्टर व्हायचं म्हणत होती, तिला खरंखुरं शिकवणारा मास्तर पाहिजे, असं त्यांनी बायकोला, रत्नाबाईंना, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं.

तर असा हा गृहस्थ. उभ्या तालुक्याच्या पोरांना बोलून त्यांनी रांगेला लावलं, आणि पोटच्या पोरीचं वर्ष डोळ्यांदेखत वाया चाललं तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ती सगळी भानगड झाली त्या अ‍ॅपमुळे. म्हणजे सर अ‍ॅपला दोष देतात. रत्नाबाई सरांना देतात.

आधी लॉकडाउन आलं. हॉलला कुलूप लागलं. पाचोरा-जामनेरची पी.जे., ती छोटी आगगाडी, बंद झाली ती झालीच, त्यामुळे पहूरकडून येणारी पोरंही तुटली. मग हॉल उघडला, पण तोवर पोरांच्या हातात फोन आणि फोनमध्ये मास्तर आला होता. तो मास्तर गोरापान, दात पांढरे, मागे हिरवा-निळा उजेड. त्याला गाइड लागत नव्हतं. न समजलेलं तो पुन्हा सांगे, पुन्हा न समजलं तर पुन्हा. सरांच्या क्लासची पोरं गळत गळत इतकी गळली, की पुढचा बाक भरला तरी सरांना बरं वाटायला लागलं.

हे अ‍ॅप विकायला घरी कोण यावं, तर हिलाल. सरांचाच विद्यार्थी, आणि बोलणी खाण्यात तालुक्यात पहिला. पाचोऱ्याच्या उन्हात टाय लावून आला, सरांच्या पाया पडला आणि रत्नाबाईंसमोर टॅब्लेट उघडून बसला. व्हिडिओ कितीदाही पाहता येतात, शंका लगेच सुटतात, पालकांच्या मोबाइलवर रोजचा प्रगतीचा मेसेज येतो, असं सगळं पाठ केलेलं बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

"आणि काकू, मुख्य म्हणजे, यातले सर कधीच रागावत नाहीत."

प्रेमराज सर पेपर वाचण्याचं नाटक करत होते, त्यांचं पान उलटायचं राहिलं. रत्नाबाईंनी टॅब्लेट घेतला. रोहिणी त्याच वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसली होती, थोडक्यात हुकली होती, आणि पुन्हा एकदा बसते म्हणत होती. हे शेवटचं, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. यंदा नाही जमलं तर गावच्या कॉलेजात नाव घालायचं आणि डॉक्टर हा शब्द घरात काढायचा नाही. या दुसऱ्या वर्षासाठी तिला मागची खोली दिली, कूलर दिला आणि तो कधीच न रागावणारा मास्तर दिला.

इकडे सरांना वाटलं, आपणही व्हिडिओ काढावा. मोबाइल स्टुलावर उभा केला, मागे दोन गाइडांचा टेकू दिला, आणि रिकाम्या हॉलमध्ये पायथागोरसचं प्रमेय सुरू केलं. सुरुवात बरी झाली. पण माणसाला सवय असते. काटकोन काढून सर वळले आणि त्यांची नजर नेहमीसारखी मागच्या बाकाकडे गेली. बाक रिकामा होता. सरांचं तोंड तोवर उघडलं होतं.

"ए, तू. हा, तूच. मांगे कोनाकडे देखस? मी तुलेच बोली ऱ्हायनू. नीट बठ. आडा व्हवाले आठे काय खाट टाकेल शे? इतला कसाले थकी गया तू, काय काम करं आज, सांग माले."

पुढे प्रमेय राहिलंच. सर त्या रिकाम्या बाकाला चांगलं तासडून मग "तर कर्णाचा वर्ग" एवढं म्हणाले आणि मोबाइल बंद पडला. चूक कशी काढायची हे माहीत नसल्याने तसाच व्हिडिओ त्यांनी टाकून दिला.

आता हा व्हिडिओ कोण बघणार? तर अंथरुणावर आडवी पडलेली, छातीवर फोन ठेवून अभ्यासाचं सोंग करणारी महाराष्ट्रभरची पोरं. सर ओरडले तशी निम्मी उठून बसली, आणि उरलेल्या निम्म्यांनी खरोखर मागे वळून पाहिलं. व्हिडिओ एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला. लोक पोट धरून हसले. कर्णाच्या वर्गाचं पुढे काय झालं, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

सरांना वाटलं, झाली आपली शोभा. आठवडाभर त्यांनी बाजारात जायचं टाळलं. आणि मग लखनचा फोन आला. लखन पहूरचा, पूर्वी पी.जे.ने क्लासला यायचा. आता पुण्यात एका खोलीत सहा जणांबरोबर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, म्हणजे तसं घरी सांगत होता. त्याच्याकडे देशातल्या सगळ्या नामांकित मास्तरांचे व्हिडिओ होते, डाउनलोड करून, विषयवार लावून. फक्त बघून होत नव्हते.

"सर, शिकवणारे इथं पायलीचे पन्नास आहेत," लखन म्हणाला. "मले शिकवू नका. मले रोज सकाळी पाच मिनिटं बोला फक्त. बोलणारं कोणी राह्यलं नाही."

सरांना आधी रागच आला. आपण गणिताचे मास्तर, काय आखाजीला भाड्याने बोलावलेली बाई आहोत का, असं त्यांनी त्याला सुनावलं. मग तुझ्या बापाने केळीची बाग मोडून तुला पुण्याला धाडलं ते काय खाटेची दोरी ताणायला, हेही सुनावलं. मग ओघात आणखी बरंच आलं. सर दम घ्यायला थांबले. मग लखन म्हणाला, सर, उद्या सातला करा.

असा हा ओट्यावर बसून फोनवर बोलायचा धंदा सुरू झाला. लखनने खोलीतल्या बाकीच्यांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या मित्रांना सांगितलं. सुरतेच्या कापडगिरणीत साच्यावर काम करून बाहेरून पदवीची परीक्षा देणारा एक जण आला. नाशिकला नर्सिंग करणारी रेशमा नावाची मुलगी आली, ती म्हणाली, सर, आमच्या मॅडम फार गोड बोलतात, माझं वजन वाढलं आणि मार्क कमी झाले. धुळ्याच्या एका बापाने दोन्ही पोरांना एकदम बोलण्यासाठी काही सवलत आहे का विचारलं. नवल नावाचा एक पोरगा तर इतका निगरगट्ट निघाला, की सरांना त्याच्यासाठी आदल्या दिवशी पार त्याच्या आजीपर्यंतची माहिती काढून तयारी करावी लागे. सर प्रत्येकाला आधी सगळं विचारून घेत: गाव कोणतं, घरी कोण कोण, शेत कोरडवाहू की बागायती, आई काय करते. त्याशिवाय बोलत नसत. कोणी फी पाठवी, कोणी भरताची वांगी पाठवी. पत्र्याच्या हॉलपेक्षा हे बरं चाललं होतं, फक्त फळा लागत नव्हता, आणि त्याचं दुःख सरांनी फार मनाला लावून घेतलं नाही.

हिलाल पुन्हा आला, या वेळी टाय सैल करून. त्याच्या कंपनीला सरांचा आवाज पाहिजे होता. आता मशीन सरांच्या आवाजात बोलेल, एका वेळी लाखो पोरांना बोलेल, सरांना काही करावं लागणार नाही, असं त्याने समजावलं. सरांनी शांतपणे विचारलं, मशीनला नवलची आजी माहीत आहे का. हिलाल म्हणाला, तेवढी माहिती भरता येईल. मग सरांनी त्याला इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम दिलं, आणि तो जाताना म्हणाला की बरं वाटलं.

सगळं असं झकास चाललं होतं, आणि भिंतीपलीकडे रोहिणी पंख्याकडे बघत पडलेली होती.

हे सरांना कळायला उशीर झाला, कारण त्यांच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी मेसेज येत होता. "अभिनंदन! आपल्या पाल्याने आज उत्कृष्ट प्रगती केली." खाली हिरवी पट्टी, वर फुगे. सर अ‍ॅपला येता-जाता शिव्या घालत, पण ते फुगे मात्र रस्त्यात लोकांना थांबवून दाखवत. मग एका दुपारी ते ताक द्यायला मागच्या खोलीत गेले. टॅब्लेटमधला गोरापान मास्तर दुप्पट वेगाने किडनी समजावून सांगत होता, उशीला. रोहिणी उताणी पडून वर बघत होती. हातात मोबाइलही नव्हता. निदान मोबाइल तरी असता, असं सरांच्या मनात आलं. झोपली म्हणावं तर डोळे उघडे होते. ताक ठेवलं तेव्हा ती म्हणाली, ऐकतेय ना पप्पा. सर म्हणाले, हो हो, ऐक. आणि पाय न वाजवता बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात जळगावला कागदावरची सराव परीक्षा झाली. तिथे फुगे नव्हते. निकाल बघून रत्नाबाई मटकन खाली बसल्या. गेल्या वर्षी जेवढे मार्क होते तेवढेही नव्हते. त्याच संध्याकाळी सरांच्या मोबाइलवर मेसेज आला की आपल्या पाल्याने आज उत्कृष्ट प्रगती केली. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गोऱ्या मास्तराला मनापासून एक शिवी दिली, तीही मनातल्या मनात.

"गावभरना पोऱ्यास्ले बोलतस," रत्नाबाई म्हणाल्या, "आन आपली पोरना पुढे तोंडले कुलूप. हाई कसानी मास्तरकी?"

सरांना पटलं. परीक्षेला दोन-अडीच महिने उरले होते. आता बोललं नाही तर कधी बोलणार? ते तयारी करून मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "रोहिणी." तिने वर पाहिलं. सरांनी विचारलं, कूलरमध्ये पाणी आहे का. होतं. सर परत आले. जेवताना त्यांनी दुसऱ्या वाटेने सुरुवात केली, की आमच्या क्लासमध्ये एक आळशी पोरगा होता. पण त्याचं पुढे वाईट झालं असं सांगताना जीभ अडखळली, म्हणून त्यांनी त्याला कलेक्टर करून टाकलं. रोहिणीने भाजी मागितली. शेवटी रत्नाबाईच मागच्या खोलीच्या दारात त्यांच्या मागे दटून उभ्या राहिल्या, पळायला जागा ठेवली नाही. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, जिभेवर उभ्या तालुक्याची बोलणी गोळा केली, आणि त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, "असं बरं नाही बेटा." रत्नाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

रोहिणी उठून बसली. तिला राग आला होता. एरवी ती घरात शुद्ध बोलायची, टॅब्लेटमधल्या मास्तरासारखं. आता आजीच्या भाषेत बोलली.

"मी भिंतमाईन बठ्ठं ऐकस पप्पा. लखनदादाले रोज बोलतस तुम्ही. त्यानी काय खादं, कव्हय झोपना, बठ्ठं इचारतस. त्या नवलवर तर आदला दिनपासून इचार करतस. माले कधीच काही बोलनात नही. गेल्या साली मी नापास व्हयनू, तव्हय तुम्ही माले आइस्क्रीम आनं." तिचा आवाज चिरकला. "मनाकडथीन काही व्हवाव नही, आसं धरी लिन्हं ना तुम्ही?"

या पोरीला वर्षभर वाटत होतं, की ज्याच्याकडून काही होण्यासारखं आहे त्यालाच बाप बोलतो, आणि आपल्याला बोलत नाही म्हणजे आपल्याबद्दलची आशा त्याने केव्हाच सोडली आहे. सर ज्याला माया समजत होते त्याचा तिने हा अर्थ लावला होता. आणि लावला तो काही चुकीचा नव्हता, कारण बाकी कोणत्या पोराला त्यांनी असं मोकळं सोडलं असतं? सरांना भयंकर वाईट वाटलं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ते तोंड समोर होतं तोवर त्यांच्याकडून काही होणार नव्हतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मग ते वळले, चपला घातल्या आणि अंगणात गेले. रत्नाबाईंना वाटलं, पळाला माणूस. सरांनी अंगणात भिंतीकडे तोंड करून खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला.

मागच्या खोलीत रोहिणीचा फोन वाजला. तिने स्क्रीनवर "पप्पा" असं नाव पाहिलं, खिडकीतून बापाची पाठ पाहिली, आणि फोन उचलला.

"कोन बोली ऱ्हायनं?" सरांनी विचारलं. प्रत्येकाला ते आधी हेच विचारत.

"रोहिणी," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पाचोरा."

"काय करी ऱ्हायनी?"

"पंखा देखी ऱ्हायनू."

"पंखा देखस," सर म्हणाले, आणि त्यांना सूर सापडला. "कितली पाती शेतस त्याले? तीन? वरीसभर देखीसन तीनच मोजात? पंखा तुले डॉक्टर करी का? परीक्षामा इचारतीन का, बेटा, तुना घरना पंखा कोनता कंपनीना शे?"

शेजारच्या कुंदाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या, त्यांचा हात थांबला. प्रेमराज सर आपल्या घरच्या माणसाला बोलताहेत, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. सर आता तापले होते. कूलर पोरीच्या खोलीत लावून आई ओसरीत पदराने वारा घेते, हे त्यांनी काढलं. वर्षभर तो गोरा मास्तर उशीला शिकवतोय, उशी आता पास होईल, तिलाच पाठवू परीक्षेला, हे काढलं. सकाळी अंघोळीला लागणारा वेळ काढला, मैत्रिणीशी बोलताना लागणारा वेळ काढला, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव किती सुरेख लिहिलंय आणि पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली कशी आहेत, हेही काढलं. इतकं सगळं त्यांना माहीत होतं, हे रत्नाबाईंनाही नवीन होतं. माणूस वर्षभर मुका होता, आंधळा नव्हता.

"आन तुना बाप," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, पण थांबला नाही. "तुना बापले गणित येत नही. हाई बठ्ठा पाचोराले माहीत शे, फक्त कोनी तोंडवर म्हनत नही. त्यानी गाइड देखी देखी जिंदगी काढी. वर्गमा कोनी आवघड इचारं का तो 'घरथीन करी आना' म्हने. त्यानी तुले आपला वर्गमा बसू दिन्हं नही, कारन त्याले वाटे, मनी आंडेरले, मनी पोरले तरी खरं येवाले जोयजे. आते माले सांग, हाई आशा नही, ते मंग काय शे?"

सरांनी वाट पाहिली. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि चष्म्यावर धुकं धरलं होतं. रडायला लागली की काय, अशी शंका येऊन त्यांना पाळण्यातला तो दिवस आठवला. त्या दिवशी निदान मांजर तरी गेली असती, असं काहीतरी निरर्थक त्यांच्या डोक्यात येऊन गेलं.

"रोहिणी," ते हळूच म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पुस्तकाची चिकटलेली पानं सुटी केल्याचा. "पन लखनदादाले तुम्ही यानाथीन जास्त येळ देतस."

सरांनी फोन कानावरून काढून एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लावला. मग चपला काढल्या, ओट्याच्या पायरीवर मांडी ठोकून बसले, आणि रत्नाबाईंना खुणेनेच चहा टाकायला सांगितला, कारण आता वेळ लागणार होता.